सोलापूरच्या उन्हात मधमाशीच्या पेट्या : संक्रांतीपासून मे पर्यंत नवीन माणसानं काय काय करायचं

नवीन पेटी घेतली की माणूस आधी यूट्यूब उघडतो, आणि तिथं पंजाबातले नायतर परदेशातले व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात बसतं की वसंत आला म्हणजे थंडी संपली, फुलं आली, आता पुढं सगळं चढतंच. आपल्याकडं गणित उलटं आहे. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू असते तेव्हाच करडई फुलायला लागते, ज्वारी हुरड्यात असते नायतर त्याच्या पुढं गेलेली असते, आंबे बहार धरलेल्या डाळिंबाला कळी दिसायला लागते, आणि होळी झाली की एकेक फुलोरा आटत जातो आणि वरून ऊन चढतं. म्हणजे आपला वसंत दोन तुकड्यांचा. आधीच्या तुकड्यात माश्यांना जागा द्यायची, नंतरच्या तुकड्यात सावली आणि पाणी द्यायचं. पहिल्याचं काम दुसऱ्यात केलं की पेटी जाते, आणि नवीन लोकांच्या बहुतेक पेट्या तशाच जातात.

माशी कोणती हे आधी बघा

आपल्याकडं पेटीत दोनच माश्या पाळतात, सातेरी आणि मेलिफेरा. आग्यामोहोळ पेटीत बसत नाही, त्याच्या नादाला लागू नका, आणि झुडपात छोटं एकच पोळं लावणारी फुलोरी पण पेटीत राहत नाही. सातेरी इथलीच, तिला कमी लागतं, पण तिचा स्वभाव असा की जरा जास्त छेडलं, खायला कमी पडलं, ऊन लागलं की सगळं घर सोडून निघून जाते. मेलिफेरा मध जास्त देते, पेटी सहसा सोडून जात नाही, पण खाते पण तेवढंच, आणि फुलोरा नसेल तर साखरपाणी द्यावं लागतं नायतर गाडीत घालून फुलाच्या मागं न्यावी लागते. सातेरीच्या पेटीत खालच्या कोठीत (अंडी-पिल्लांच्या खोक्यात) साधारण ८ फ्रेम, म्हणजे पोळं बांधायच्या लाकडी चौकटी असतात, मेलिफेराच्या लँगस्ट्रॉथ पेटीत १०. खाली लिहिलेलं दोघींना लागू आहे, फरक असेल तिथं सांगतो.

एकच पेटी घेऊ नका, दोन घ्या. एक बिघडली तर दुसरीतली अंड्याची एक फ्रेम देऊन ती वाचवता येते, आणि दोन शेजारी असल्या की कुठली मागं पडलीय हे नुसतं बघूनच कळतं.

जागा : हे जानेवारीतच ठरवा, एप्रिलमध्ये हलवू नका

पेटीचं तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेवा, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि माशी लवकर कामाला लागते. पण जागा निवडताना जानेवारीचं ऊन बघून फसू नका, त्या जागी मे महिन्यात दुपारी दोन वाजता सावली असेल का ते बघा. कडुलिंब, चिंच, करंज असलं पान टिकवणारं झाड चांगलं. उन्हाळ्यात पान झडणारं झाड काय कामाचं.

पेटी स्टँडवर ठेवा, आणि स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, पाण्यावर जळकं तेल थोडं. मुंग्या आणि मुंगळे हा सोलापुरात सगळ्यात स्वस्तात थांबणारा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारा त्रास आहे. वाटीत पालापाचोळा पडून त्याचा पूल झाला की मुंग्या त्यावरून चढतात, म्हणून वाटी बघत जा.

रसवंती आणि गुऱ्हाळ जवळ नको. उन्हाळ्याच्या तोंडाला रसवंत्या सुरू झाल्या की माश्या तिकडं धावतात, रसाच्या भांड्यात, चोथ्याच्या ढिगात पडून मरतात, आणि शिवाय उसाचा रस आणून पोळ्यात भरला तर त्याला मध म्हणून विकता पण येत नाही. जनावराचा गोठा, शाळेची वाट, शेजाऱ्याचं अंगण यांच्याकडं पेटीचं तोंड करू नका.

पेटी नंतर हलवायची झाली तर दोन-चार फुटानं हलवा नायतर चार-पाच किलोमीटर लांब न्या. मधल्या अंतरावर नेली तर माश्या जुन्या जागी परत जातात आणि तिथंच घोटाळत बसतात.

संक्रांतीनंतरची पहिली तपासणी

ही नीट करा, बाकी सगळं हिच्यावर ठरतं. दिवस वारा नसलेला, वेळ दहा-अकराची, कारण जानेवारीत सकाळी आठला उघडली तर पिलाव्याला, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोषांना गारठा लागतो. पिलाव्याच्या जागी माश्या ३४-३५ डिग्री तापमान स्वतः राखत असतात, आपण फ्रेम बाहेर धरून फोटो काढत बसलो की ते मोडतं.

अंगावर फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडाला जाळी. अत्तर, सेंट नको. केळं खाऊन पेटीजवळ जाऊ नका, ऐकायला गंमत वाटेल पण माशी डंख मारते तेव्हा जो धोक्याचा वास सोडते तो केळ्याच्या वासासारखा असतो. स्मोकरमध्ये शेणीचा तुकडा आणि गोणपाट पुरतं, दारात दोन-तीन फुंकर, मग एक मिनिट थांबा, मग झाकण. सातेरीला धूर अगदी कमी, नायतर ती फ्रेम सोडून कोपऱ्यात गोळा होते आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. घरात कुणाला डंखानं अंगभर गांधी उठत असतील, दम लागत असेल तर त्या माणसानं हा धंदा डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये. डंख बसला तर काटा चिमटीत न धरता नखानं खरवडून लगेच काढा.

फ्रेम कडेची आधी काढा, मग आतल्या. ज्या क्रमानं आणि ज्या तोंडानं निघाल्या तशाच परत ठेवा. फ्रेम पेटीच्या वरच धरून बघा, राणी पडली तरी पेटीतच पडेल. बघायचं काय, तर आधी अंडी. राणी शोधत बसायची गरज नाही, पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाला उभं, भाताच्या बारीक कणीएवढं पांढरं अंडं दिसलं म्हणजे राणी गेल्या तीन दिवसांत तिथं होती, कारण अंडं तीन दिवसच अंडं असतं. एका घरात एकच अंडं, तळाच्या मधोमध, हे चांगलं. एकाच घरात दोन-तीन अंडी, घराच्या भिंतीला चिकटलेली दिसली तर बहुतेक राणी नाही आणि कामकरी माश्या अंडी घालतायत. मग सीलबंद, म्हणजे मेणानं तोंड बंद केलेला पिलावा बघा, सलग असला तर राणी दमदार, चाळणीसारखा विरळ असेल तर राणी म्हातारी नायतर रोग. शेवटी खायला किती आहे ते. फ्रेमच्या वरच्या कडेला मधाची कमान आणि त्याखाली रंगीत परागाची पट्टी असली पाहिजे.

हे सगळं दहा मिनिटांत. तारीख आणि काय दिसलं ते वहीत लिहा, मोबाईलच्या नोटमध्ये पण चालेल, पण लिहा, तीन पेट्यांच्या वर गेलं की लक्षात राहत नाही.

साखरपाणी कधी आणि कधी नाही

साठा कमी असेल आणि शिवारात अजून फूल कमी असेल तर साखर आणि पाणी वजनानं निम्मं निम्मं, पाणी उकळून खाली उतरवून साखर विरघळवायची, पूर्ण गार झाल्यावर द्यायचं. गूळ नको, त्यानं माश्यांना हगवण लागते. दुकानातला किंवा दुसऱ्याचा मध पण नको, त्यातून रोग येतो. द्यायचं संध्याकाळी, पेटीच्या आत, बाहेर सांडलं तर पुसून घ्यायचं, कारण दिवसा वास सुटला की बाजूच्या पेटीच्या माश्या लूट करायला येतात आणि कमजोर पेटी एका दुपारीत रिकामी होते. त्या दिवसांत कमजोर पेटीचं दार एक-दोन माश्या जातील एवढंच उघडं ठेवा.

करडई जोरात आली, दारातून केशरी-पिवळे गोळे पायाला लावून माश्या आत पळताना दिसल्या की साखर बंद. आणि वर मधकोठी, म्हणजे मध साठवायचं वरचं खोकं चढवल्यावर तर अजिबात नाही, नायतर तुम्ही साखरेचाच पाक मध म्हणून काढणार.

जागा द्या, पण घाईनं नको

फेब्रुवारीत दिवसा ३२-३३ आणि पहाटे अंगावर चादर घ्यावी लागते असं हवामान असतं. ह्या हवेत लोक दुपार बघून एकदम तीन रिकाम्या फ्रेम घालतात. असं करू नका. एका वेळी एकच मेणपत्र्याची (घरांचा ठसा असलेला मेणाचा पातळ पत्रा बसवलेली) फ्रेम, ती पण पिलाव्याच्या कडेला. पिलाव्याच्या मधोमध रिकामी फ्रेम घातली तर घर दोन भागांत तुटतं आणि पहाटे दोन्ही भाग गारठतात. ती फ्रेम बांधून झाली की पुढची. १० पैकी ७-८ फ्रेमवर दोन्ही बाजूनं माश्या दाटीनं बसल्या की मधकोठी चढवा.

थवा फुटणं : ह्याला सगळ्यात जास्त वेळ द्या

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत हा खरा डोक्याला ताप. खायला भरपूर, माश्या भरपूर, जागा कमी, की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघते आणि समोरच्या बाभळीला घोस लटकतो. बघायला भारी वाटतं, पण तुमचा निम्मा मध तिथं लटकलेला असतो.

ह्याची चाहूल आधी लागते. नर माश्या वाढतात, फ्रेमच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगेसारखी लांबट, खाली तोंड केलेली राणीघरं दिसतात. नुसती रिकामी वाटीएवढी सुरुवात दिसली तर घाबरू नका, ती असतेच. वाटीत अंडं किंवा पांढरी लस आणि अळी दिसली की तयारी सुरू झाली समजा. मेलिफेरात अंड्यापासून राणी १६ दिवसांत बाहेर येते, पण राणीघर आठव्या-नवव्या दिवशीच सील होतं आणि थवा बहुतेक त्याच वेळेला निघतो. म्हणून ह्या महिन्याभरात तपासणी दर सात दिवसांनी, पंधरा दिवसांनी केली तर गाडी निघून गेलेली असते. प्रत्येक फ्रेम झटकून बघा, एक राणीघर कोपऱ्यात राहिलं तरी बाकीची मोडून काही उपयोग नाही. आणि खरं सांगायचं तर नुसती राणीघरं मोडत बसणं हा उपाय नाही, दाटी तशीच राहिली तर त्या परत बांधतात.

त्यापेक्षा पेटी वाटून घ्या. मजबूत पेटीतून जुनी राणी असलेली फ्रेम, तिच्यासोबत पिलाव्याच्या एक-दोन आणि खाण्याची एक फ्रेम, असं रिकाम्या पेटीत घाला, वर आणखी एका फ्रेमवरच्या माश्या झटका, कारण उडणाऱ्या माश्या जुन्या जागी परत जाणार. जुन्या पेटीत एक-दोन चांगली राणीघरं ठेवा, बाकीची काढा. मग त्या पेटीला निदान तीन आठवडे उघडून छळू नका. नवीन राणी निघणार, आठ-दहा दिवसांत उडून नरांशी मिलन करणार, मग अंडी घालणार, आणि ह्या काळात तुम्ही फ्रेम हलवत बसलात तर ती परत आल्यावर गोंधळते. तीन-चार आठवड्यांनी अंडी दिसली नाहीत तर दुसऱ्या पेटीतली अंड्याची फ्रेम द्या, म्हणून सुरुवातीला म्हटलं दोन पेट्या घ्या.

वाटणी मार्चच्या मध्याच्या आत. पाडव्यानंतर वाटणी करणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणत नाही, कारण नवी राणी अंड्यावर येईपर्यंत वैशाख लागतो आणि शिवारात काही नसतं.

थवा बसलाच असेल तर तो शांत असतो, त्याला राखायला घर नसतं. थोडं पाणी शिंपडा, रिकामी पेटी खाली धरा, फांदी एकदा जोरात झटका, राणी आत पडली की बाकीच्या आपोआप चालत येतात. मेणाची एक जुनी बांधलेली फ्रेम आत असली तर बरं. अंधार पडल्यावर पेटी जागेवर न्या.

डाळिंब आणि कांद्याचं बी : पेटी भाड्यानं द्यायची असेल तर

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागात आंबे बहाराच्या डाळिंबाला पेट्या मागतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचे डेंगळे फुलले की बीवाले शेतकरी पण विचारतात. डाळिंबावर माशीला पराग बऱ्यापैकी मिळतो, मध फार नाही, म्हणून तिथं मधाची आशा ठेवून जाऊ नका, भाडं घ्या. बाग दहा-पंधरा टक्के फुलल्यावर पेटी न्या, आधी नेली तर माश्या दुसरीकडं जायला शिकतात.

शेतकऱ्याशी फवारणीचं आधी तोंडावर बोला. भाऊ, फवारायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा, आणि फवारा संध्याकाळी माश्या आत गेल्यावर. बाजूच्या रानातल्या भावकीला पण सांगायला लावा, औषध बांध बघत नाही. फुलात असताना कीटकनाशक टाळलेलंच बरं. सकाळी पेटीसमोर जीभ बाहेर काढलेल्या मेलेल्या माश्यांचा ढीग दिसला तर ते औषधच. फोन आला म्हणून पेटीचं दार बंद करून दिवसभर उन्हात ठेवायची नाही, आत वाफ होऊन सगळ्या मरतात. एकदोन रात्रीसाठी दुसरीकडं हलवणं बरं.

हलवताना रात्री. दाराला जाळी, वरच्या झाकणाच्या जागी पण जाळी, फ्रेम हलणार नाहीत अशा खिळून घ्या, मधानं भरलेली कोठी आधी उतरवा. छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) फ्रेमची लांबी गाडीच्या लांबीला ठेवा म्हणजे ब्रेक लागला तर फ्रेम एकमेकांवर आदळत नाहीत. उजाडायच्या आत पोचून दारं उघडली पाहिजेत.

मध काढणं

फ्रेमची पाऊण घरं मेणानं बंद झाली की काढा, त्याआधी काढलेला मध पातळ असतो आणि आंबतो. फक्त मधकोठीतला काढा, खालच्या पिलावा कोठीतल्याला हात लावू नका, तो त्यांचा उन्हाळा आहे. करडईचा मध मार्चमध्ये मिळतो. पाडव्याच्या आसपास कडुलिंब फुलतो, एप्रिलमध्ये करंज, आणि ज्याच्या आजूबाजूला करंज भरपूर त्याला उन्हाळ्यात पण थोडा मध मिळतो. बाकीच्यांनी मार्चच्या काढणीवर समाधान मानावं आणि पुढचं पेटीत राहू द्यावं.

होळीनंतर : सावली आणि पाणी

आता काम बदललं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४४ ला जातो, आणि माश्या फुलं सोडून पाणी आणायला लागतात. आणलेलं पाणी पोळ्यावर पसरतात, पंखांनी वारा घालतात, ओल्या माठासारखं आत गार होतं. दारात ओळीनं बसून पंख हलवणाऱ्या माश्या दिसल्या तर ठीक आहे, पण दुपारी पेटीच्या बाहेर दाढीसारखा माश्यांचा घोळका लोंबायला लागला तर आत असह्य झालंय.

पाणी पेट्यांपासून दहा-वीस पावलांवर, पसरट घमेल्यात, आत खडे नायतर गोणपाट म्हणजे माशी बुडत नाही. आणि हे फेब्रुवारीतच सुरू करा. एकदा का माश्यांना शेजारच्या काकूंच्या कूलरची सवय लागली की नंतर तुम्ही कितीही घमेली भरा, त्या तिकडंच जाणार, आणि काकूंशी भांडण तुमचं.

वर पाचटाचा किंवा शेडनेटचा मांडव, पेटीपासून दीड-दोन फूट उंच. पत्र्याच्या झाकणावर थेट ऊन पडू देऊ नका, आतलं नवं मेण मऊ होऊन मधासकट फ्रेम खाली बसते. झाकणावर ओलं गोणपाट दुपारी दोनदा, जुनी सोलापुरी चादर असेल तर ती पण चालते, फक्त दारावर यायला नको. जिथं माश्या कमी झाल्या तिथल्या रिकाम्या फ्रेम काढून घ्या, दार मजबूत पेटीचं मोठं, कमजोरचं लहान. तपासणी आता सकाळी सात-साडेसातला, पंधरा दिवसांतून एकदा, तीन-चार मिनिटांत.

अवकाळीची पण तयारी ठेवा. संध्याकाळी वावटळ येते, गारा येतात. झाकणावर मोठा दगड, पेटीला दोरी, आणि पेटी पुढच्या बाजूला किंचित कललेली म्हणजे पाणी आत थांबत नाही.

शत्रू, थोडक्यात

वेडा राघू तारेवर बसून माश्या टिपतो, त्याला मारायचं नाही, पेट्या तारेपासून आणि उघड्या माळापासून दूर झाडाखाली ठेवा, मजबूत पेटीला त्याचा फरक पडत नाही. गांधीलमाशी दाराशी घिरट्या घालत असेल तर दार लहान करा.

मेलिफेरात व्हरोआ गोचीड बघायलाच पाहिजे. अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण ३००, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या, राणी त्यात नाही ना हे दोनदा बघा, दोन चमचे पिठीसाखर टाकून घोळवा, दोन मिनिटांनी पांढऱ्या ताटात झटका. लालसर ठिपके मोजा, ९-१० च्या वर गेले तर उपचार लागतो. तो थंडीतच उरकायचा, कारण फॉर्मिक अ‍ॅसिडसारखं औषध कडक उन्हात वापरलं तर पिलावा आणि राणी दोन्ही जातात, आणि मधकोठी वर असताना औषध नकोच. पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या हातून करून घ्या. पुण्याला खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथं प्रशिक्षण मिळतं. सातेरी ह्या गोचिडाला स्वतः बऱ्यापैकी तोंड देते.

मेणकिडा मात्र उन्हाळ्यात दोघींना. फ्रेमवर पांढरं जाळं आणि बोगदे दिसले की तो. तो येतो माश्या नसलेल्या फ्रेमवर, म्हणून माश्या झाकतील तेवढ्याच फ्रेम आत ठेवा आणि तळपाट दर वेळी खरवडून साफ करा. काढून ठेवलेल्या फ्रेमचं काय करायचं हे नवीन लोक विचारत नाहीत आणि पुढच्या जानेवारीत भुसा हातात येतो. रिकाम्या कोठ्या एकावर एक रचा, फटी कागदानं चिकटवा, सगळ्यात वर एक रिकामी कोठी, तिच्यात मातीच्या पणतीत गंधक पेटवून झाकण लावा, घराबाहेर आणि वारा आपल्या पाठीमागून येईल असं उभं राहून, तो धूर छातीत जाऊ द्यायचा नाही. गंधकानं अळी मरते, अंडी मरत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी परत करायचं, आणि वापरायच्या आधी फ्रेम एक-दोन दिवस मोकळ्या हवेत ठेवायच्या.